फाउंडेशन कडक नको

खरं तर हे लिहिणार नव्हतो. पण गेल्या रविवारी भाच्याचा पुन्हा फोन आला. "मामा, तू अजून जुन्या रबरातच अडकलायस," असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि मी पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरात फेऱ्या मारत एकटाच त्याला उत्तरं देत होतो. शेवटी बायको म्हणाली, भिंतीला सांगण्यापेक्षा ब्लॉगवर लिही, निदान चार माणसं वाचतील. तर हे घ्या. नातेवाईकांपैकी ज्यांना गाडीत फक्त मागच्या सीटपुरताच रस आहे त्यांनी मधले आकडे गाळून वाचलं तरी हरकत नाही.

विषय आहे इंजिन माउंटिंगचा. आमचे मिस्त्री त्याला 'फाउंडेशन' म्हणतात, आणि मला तोच शब्द आवडतो. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसवत नाहीत. मध्ये रबराचे ठोकळे असतात, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी चिकटवलेले. पद्मिनीत पुढे दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. मुठीत मावतील एवढेच. इंजिनाचा सगळा भार, त्याची थरथर, क्लच सोडल्यावरचा हिसका, ब्रेक दाबल्यावर पुढे झुकणं, हे सगळं या तीन ठोकळ्यांनी सोसायचं असतं. आणि गाडीची कितीही कौतुकं झाली तरी यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

गाडी अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ८४. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये त्यांची उभी हयात गेली. डोंबिवलीहून रोज लोकलने जायचे आणि दुसऱ्यांच्या गाड्या तयार करून लोकलनेच परत यायचे. १९८६ साली नंबर लावून स्वतःची पांढरी पद्मिनी घेतली, ती अजून आहे. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, पर्यावरण कर, आरटीओतला हेलपाटा, सगळं करून ठेवली आहे. आता ते चालवत नाहीत. पण रविवारी सकाळी मी त्यांना शेजारी बसवून एक चक्कर मारतो. टिळकनगरातून निघायचं, घरडा सर्कल, एमआयडीसी, मग कल्याण-शीळ रस्त्याने प्रीमिअरच्या डोंबिवलीच्या कारखान्याच्या जागेपर्यंत. नव्वदच्या दशकात तिथे पेझो ३०९ बनत होती. आता टॉवर आहेत. अण्णा काचेतून टॉवर बघतात, काही बोलत नाहीत, आणि आम्ही परत येतो. येताना काटई नाक्याच्या अलीकडे-पलीकडे जे अडकायचं ते अडकतो.

आता माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे मी कुठल्या अधिकाराने बोलतोय ते कळेल. मी एकतीस वर्षं डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रबराचे साचेबंद भाग बनवले. बुश, सील, पंपांखालचे पॅड, जनरेटरची माउंटिंग. निवृत्त झालो तरी खिशात पेनाशेजारी ड्युरोमीटर असतो. म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं घड्याळासारखं छोटं यंत्र. बायकोच्या मते हा आजार आहे.

तर गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून आला. फराळाचं ताट हातात घेण्याआधी त्याने एक खोका काढून अण्णांसमोर ठेवला. आत तीन फाउंडेशन्स. लालभडक, चकचकीत, पॉलियुरेथेनची. जुन्या मापावरून खास करवून घेतलेली. "आजोबा, ही आता जन्मात तुटणार नाहीत." अण्णांनी एक उचलून हातात फिरवलं, नखाने दाबून बघितलं आणि चकली खायला घेतली. मी ड्युरोमीटर टेकवला. शोअर ए मापावर ८७. मूळ रबर साधारण पन्नासच्या आसपास असायला हवं.

मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पोराने हौसेने, स्वतःचे पैसे घालून आणलं होतं आणि दर वेळी 'आमच्या काळी' म्हणणारा मामा व्हायची मला हौस नाही. शिवाय एक गोष्ट त्याच्या बाजूने मान्य करायलाच हवी. आमची जुनी फाउंडेशन्स मेली होती हे त्यानेच ओळखलं. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थडथडत होती आणि मी क्लच प्लेटला दोष देत होतो. एकतीस वर्षं रबरात घालवलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीतलं मेलेलं रबर दिसलं नाही! असो.

मिस्त्रींनी अर्ध्या दिवसात काम केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला भाच्याने गाडी बाहेर काढली, मोकळ्या रस्त्यावर पळवून आणली आणि येऊन म्हणाला, "मामा, एकदम टाइट!" खोटं नव्हतं. गिअर खटकन पडत होता, क्लचचा थडथडाट गेला होता. तो खुशीत पुण्याला गेला.

मग रविवार आला. मी आणि अण्णा. काटई नाक्यावर नेहमीसारखे थांबलो. इंजिन चालू, गाडी उभी. आणि सगळी गाडी अंगात आल्यासारखी हलायला लागली. आरशातला मागचा ट्रक दोन-दोन दिसत होता. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण टकटक वाजत होतं. दारांच्या काचा आपापल्या खाचेत खुळखुळत होत्या. अण्णांचे हात मांडीवर होते. त्यांना चार वर्षांपासून कंपवात आहे, उजवा हात जास्त. त्यांनी डाव्या हाताने उजवा धरून ठेवला होता, आणि तरी दोन्ही हात हलत होते, कारण आता गाडीच हलवत होती. वीस मिनिटं आम्ही तिथे होतो. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी म्हणाले, आज नको, पाठ दुखतेय. त्याच्या पुढच्या रविवारी, आज मॅच आहे. तिसऱ्या रविवारी कारणही दिलं नाही.

याच महिन्याभरात सायलेन्सरच्या पुढच्या नळीला जोडाजवळ चीर गेली आणि रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब पडायला लागले. पण ती दुरुस्ती पैशांनी झाली.

भाच्याचं म्हणणं, हे सगळं 'सेट' होईल, आणि गाडी म्हटलं की थोडी थरथर आलीच, तिलाच तर 'कॅरेक्टर' म्हणतात. माझं म्हणणं असं की हे सेट होणं शक्यच नाही, आणि त्याचं कारण मतांचं नाही, हिशोबाचं आहे.

चार सिलिंडरचं आपलं १०८९ सीसी इंजिन दर फेऱ्याला दोन ठोके देतं. उभ्या गाडीत मिनिटाला ७५० फेरे धरले तर सेकंदाला साडेबारा फेरे, म्हणजे २५ ठोके. आता आजोळच्या ओसरीवरचा झोपाळा आठवा. त्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत तुम्ही नुसतं बोट लावत गेलात तरी तो छताला लागतो. तेच त्याच्या लयीपेक्षा खूप भरभर ढकलायला लागलात तर तो जागच्या जागी वळवळतो, पुढे जात नाही. रबरावर बसवलेल्या इंजिनालाही अशी स्वतःची लय असते. मऊ रबर, संथ लय. कडक रबर, जलद लय. आणि नियम असा आहे की ठोके त्या लयीच्या साधारण १.४ पटींहून भरभर पडत असतील तरच रबर कंप अडवतं. त्याच्या आत आलात की अडवणं राहिलं बाजूला, ते कंप वाढवून बॉडीला देतं.

समजा मूळ रबरावर इंजिनाची लय सेकंदाला १२ आहे. ठोके २५. दुपटीच्या पुढे. अशा वेळी इंजिनाच्या हिसक्यांचा जेमतेम तिसरा हिस्सा बॉडीत पोचतो. आता पन्नासच्या जागी ८७ चा ठोकळा घाला. मापावरचा आकडा दीडपट-पावणेदोनपट दिसतो, पण प्रत्यक्ष ताठरपणा चौपटीच्या घरात जातो. शोअरचं माप फसवं आहे, सरळ चढत नाही. ताठरपणा चौपट झाला की लय दुप्पट होते. बारा दुणे चोवीस. आणि ठोके किती? पंचवीस! म्हणजे भाच्याने हौसेने पैसे मोजून नेमकी झोपाळ्याची लय विकत आणली होती.

यातच त्याच्या पहाटेच्या आनंदाचंही उत्तर आहे. मोकळ्या रस्त्यावर इंजिन तीन हजारांवर फिरतं तेव्हा सेकंदाला शंभर ठोके पडतात. चोवीसच्या लयीला शंभर ठोके म्हणजे चौपटीच्या वर, तिथे कडक रबरही थरथर बऱ्यापैकी अडवतं. तो खरं बोलत होता, मीही खरं बोलतोय. फरक एवढाच की त्याने गाडी पहाटे सहाला पळवली आणि आम्ही सकाळी अकराला काटई नाक्यावर उभे होतो. मंडळी, डोंबिवलीत गाडी धावत नाही, उभी राहते. सिग्नलला, पुलाच्या तोंडाशी, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांशेजारी, मिरवणुकीच्या मागे. आपल्याकडे फाउंडेशन निवडायचं ते उभ्या गाडीसाठी.

मग हे कडक ठोकळ्यांचं खूळ आलं कुठून? अमेरिकेतून, मसल कारवाल्यांकडून. १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ ही त्या जातीची आद्य गाडी मानतात. मध्यम आकाराच्या बॉडीत ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन. आपल्या पद्मिनीच्या जवळजवळ सहापट. अशा इंजिनाला लाल दिव्यावरून हिरव्यावर एकदम रेस दिली की ते आपल्याच ताकदीने एका अंगावर उलटायला बघतं. पाव मैलाच्या शर्यतीपुरती ट्रेलरवरून नेलेली गाडी असेल तर तिथे इंजिन सांगाड्याला घट्ट आवळणं शहाणपणाचं आहे. दहा-बारा सेकंदांच्या धावेत चालकाच्या हातांना मुंग्या आल्या काय, न आल्या काय. त्यांच्या व्हिडिओंत ते हेच दाखवतात आणि आपली पोरं ते इथे चाळीस-पंचेचाळीस घोड्यांच्या गाडीला लावतात.

त्या जमातीत एक गोष्ट धर्मग्रंथासारखी सांगितली जाते. तीही चुकीच्या अर्थाने. १९७१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख शेवरोले गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. मुख्यतः १९६५ ते १९६९ मधल्या, कॅमारो आणि नोव्हासुद्धा त्यात. कारण काय, तर फाउंडेशन! रबर लोखंडी पट्टीपासून सुटायचं, इंजिन एका बाजूने वर उचललं जायचं, त्याबरोबर अ‍ॅक्सिलरेटरचे जोड ओढले जाऊन रेस उघडीच राहायची. वर पॉवर ब्रेकची नळीही निसटू शकायची. म्हणजे गाडी सुसाट आणि ब्रेक जड. यावरून मसल कारवाले म्हणतात, बघा, रबर दगा देतं, कडक घाला.

पण कंपनीने दुरुस्ती काय केली ते बघा ना. रबर कडक नाही केलं. इंजिनाला एक तारेचा दोर बांधला, म्हणजे रबर सुटलंच तर इंजिनाने ठरावीक अंतरापलीकडे उचलू नये. आणि पुढे फाउंडेशनची रचनाच बदलली, दोन्ही लोखंडी भाग एकमेकांत अडकलेले, मध्ये रबर. रबर फाटलं तरी इंजिन जागा सोडत नाही. दोष रबराच्या मऊपणात नव्हता. रबर आणि लोखंड यांच्या चिकटण्यात होता, आणि ते सुटल्यावर इंजिनाला धरायला काही नव्हतं, यात होता. आमच्या धंद्यात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. लोखंड तेलमुक्त करा, मारा करून खरबरीत करा, आधी प्रायमर, मग चिकटद्रव, मग साच्यात दीडशे अंशांच्या आसपास रबर शिजवा. कामगाराने घामेजला अंगठा त्या पट्टीवर टेकवला तरी तो ठोकळा पुढे कधीतरी तिथूनच सुटतो.

आणि गंमत सांगतो. मऊ फाउंडेशनची करामत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दाखवली तीही अमेरिकनांनीच. १९३१ साली क्रायस्लरने प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' आणली. कल्पना साधी होती. इंजिन दोनच ठिकाणी, पुढे उंचावर आणि मागे खाली, असं रबरावर टांगायचं की त्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाईल. मग इंजिन त्या रेघेभोवती हवं तेवढं डोलू दे, गाडीला पत्ता नाही. चार सिलिंडरचं इंजिन आठ सिलिंडरसारखं गुळगुळीत, अशी त्यांची जाहिरात होती. फ्रान्सच्या सित्रोएनने १९३२ मध्ये त्याचा परवाना घेतला आणि खूण म्हणून गाडीवर तरंगता हंस लावला. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर काढली तेव्हा त्यांचा पहिला भागीदार कोण? हीच क्रायस्लर. फियाट नंतर आली. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला ज्या घराण्याच्या गाड्या जुळवल्या गेल्या, त्या घराण्याने इंजिन हलू द्यावं हे जगाला शिकवलं. आणि आता तिथे आयुष्य घालवलेल्या माणसाच्या गाडीत आम्ही इंजिनाला खिळे ठोकतोय.

भाच्याला एवढं बोललो, आता माझ्या वयाच्या मित्रांची पाळी. पांढरेशुभ्र सदरे घालून रविवारी जुन्या गाड्या पुसणारी आमची जी टोळी आहे, तिचा देव वेगळा. त्यांना हवं 'ओरिजिनल'. कंपनीच्या खोक्यातलं, सील न फोडलेलं, तीस-पस्तीस वर्षं कुणाच्या तरी माळ्यावर पडलेलं. लाल ठोकळे काढायचे ठरल्यावर मीही आधी तेच केलं, कबूल करतो. एका जुन्या पार्ट्सच्या दुकानात मागच्या खणातून असा जोड मिळाला. खोक्यावरची छपाई बघून अण्णांचे डोळे चमकले. घरी आणून माप घेतलं तर ७४! नवं, न वापरलेलं, आणि ७४. अंगठ्याने वाकवलं तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा, आणि एकाची पट्टी नखाने उचलली गेली.

रबर माळ्यावरही म्हातारं होतं हो. त्याला चालवावं लागत नाही. हवेतला ऑक्सिजन, ओझोन, उन्हाळ्यात तापणारा पत्रा पुरेसा असतो. रबराच्या साठवणुकीचं आंतरराष्ट्रीय मानक नैसर्गिक रबराच्या वस्तूला चांगल्या परिस्थितीत पाच वर्षं देतं आणि तपासून आणखी दोन. चांगली परिस्थिती म्हणजे थंड, अंधारी, बंद जागा, बोहरी गल्लीतला माळा नव्हे. लोखंडी भाग जुना ओरिजिनल घ्या, जरूर घ्या, आरसा घ्या, हँडल घ्या, बोनेटवरचं नाव घ्या. रबर मात्र भाजीसारखं ताजंच घ्यायचं. पस्तीस वर्षांपूर्वीची मेथी कंपनीच्या पिशवीत आहे म्हणून कुणी आणतं का?

तिसरा वर्ग चालू मालाचा, त्याबद्दल फार लिहीत नाही. भंगार रबर दळून केलेलं, एका बाजूला ५८ आणि दुसऱ्या बाजूला ७० दाखवणारं फाउंडेशन मी बघितलंय. त्याहून वाईट म्हणजे बसलेल्या फाउंडेशनखाली टायरचा तुकडा कापून सरकवायची पद्धत. टॅक्सीवाल्यांची ती मजबुरी होती, दिवसाचा धंदा बुडवून कसं चालेल? पण मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या, आणि आता उरलेल्या गाड्या हौशी लोकांकडे आहेत. हौशी माणसाने टायरचा तुकडा घालणं म्हणजे फुकट वेळ असून उभ्याने जेवण्यासारखं आहे.

मग योग्य कोणतं? ताजं, नैसर्गिक रबराचं, पन्नासच्या आसपासचं, नीट चिकटलेलं. एवढंच. नैसर्गिक रबरच का, तर लाखो वेळा ताणून-दाबूनही ते लवकर थकत नाही. त्याचा शत्रू तेल. म्हणून फाउंडेशन बदलण्याआधी वरच्या टॅपेट कव्हरचं गळणारं पॅकिंग बदला, नाहीतर नवं रबर पावसाळ्याआधीच फुगून पुरणासारखं होईल. काही जण यावर तेलाला न जुमानणारं नायट्राइल रबर वापरा म्हणतात. ते सीलला उत्तम, पण सतत मार खाण्याच्या कामात नैसर्गिक रबराची सर त्याला नाही. गळती बंद करणं स्वस्त पडतं.

तिन्ही एकदम बदला. पुढची दोन नवी आणि मागचं मेलेलं ठेवलंत तर सगळा पीळ नव्यांवर येतो. बसवताना बोल्ट आधी सैल ठेवा, इंजिन सुरू करून थोडा वेळ चालू द्या, ते आपली जागा शोधेल, मग आवळा. आमच्या मिस्त्रींना हे पटवायला मला दोन चहा लागले, कारण त्यांचा हात पाना लावला की थांबत नाही. आणि जुनी तपासायची असतील तर पंखा आणि रेडिएटर यांच्यातलं अंतर बघा. पुढची फाउंडेशन्स बसली की पंखा जाळीच्या जवळ सरकतो, आणि जोरात ब्रेक मारल्यावर एखाद दिवशी जाळीच कापतो. एवढं बघायला अक्कल लागत नाही, टॉर्च लागतो.

शेवटी मी काय केलं? बाजारात एक ताजा जोड मिळाला तो ५४ निघाला, पुढे तो घातला. मागचं मनासारखं मिळेना. मग एमआयडीसीतल्या जुन्या सहकाऱ्याकडे गेलो, त्याच्याकडच्या एका साच्यात थोडा फेरफार करून ४९ चं करून घेतलं. साचा उघडल्यावर तो गरम रबराचा वास आला आणि दोघेही थोडे गप्प झालो. चारशे रुपये देत होतो, त्याने वडापाव मागितला.

रविवारी सकाळी मी गाडी खाली इमारतीच्या दारात चालू करून ठेवली. अण्णा गॅलरीत होते. ते खाली आले, हातात स्टीलचा पेला, पाण्याने भरलेला. मला वाटलं गोळी घ्यायची राहिली असेल. त्यांनी दार उघडलं आणि पेला डॅशबोर्डवर ठेवला. कुर्ल्याला असताना तेही असंच करत असत की हे आत्ताच सुचलं, कोण जाणे, मी विचारलं नाही. आम्ही दोघे वाकून बघत राहिलो. पाण्यावर अगदी बारीक गोल वलयं उठत होती. कडेला पोचायच्या आत विरत होती. लाल ठोकळ्यांच्या वेळी हा पेला घरंगळून माझ्या पायावर आला असता.

"मागचं कितीचं?" अण्णांनी विचारलं.

"एकोणपन्नास."

"बरंय." मग ते आत बसले, पेला उचलला, अर्धं पाणी प्यायले. थोडं शर्टावर सांडलं, ते त्यांच्या हाताने. काटई नाक्यावर पंचवीस मिनिटं अडकलो. ते टॉवरबद्दल बोलत होते, कुठल्या जागी कुठली शेड होती ते.

भाच्या, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. लाल फाउंडेशन्स खोक्यात घालून ठेवली आहेत, येशील तेव्हा घेऊन जा, तुझ्या मित्राच्या शर्यतीच्या गाडीला उपयोगी पडतील, खरंच. दोनच आहेत पण. तिसरं अण्णांनी गॅलरीत वर्तमानपत्र उडू नये म्हणून ठेवायला घेतलंय, आणि त्या कामाला ८७ अगदी योग्य आहे :-)